दुमडलेली सलवार

लेक सायकलवरून पडली, उजव्या गुडघ्याजवळ हाड मोडलं. प्लास्टर निघालं आणि मी विसरले. दोन वर्षांनी शाळेची सलवार शिवून घेतली, तर उजवा पाय जमिनीवर लोळायला लागला. समुद्रपूरच्या शिंप्याशी मी भर दुकानात भांडले.

तो एवढंच म्हणाला, "बाई, दोन्ही पाय सारखेच शिवले. पोरीले डॉक्टरले दाखवा."

रागारागात मी घरी येऊन उजवा पाय दुमडून शिवला. पुढच्या वर्षी आणखी दुमडला.

शेवटी डॉक्टर म्हणाले, हाड जिथून वाढतं तिथंच मार बसला होता, म्हणून पाय आखूड राहिला. लवकर आणायला हवं होतं.

आता हाड कापून पायाभोवती लोखंडी कडी बसवलीत. हाड लांबावं म्हणून रोज मीच त्या कड्यांची चावी फिरवते. ती कळवळते, "आई, राहू दे ना. सलवारच दुमडून दे मले."