गवई काका आणि गोल्फची गाडी

मेंटेनन्सच्या खोलीत दोन गोष्टी आपोआप साठतात. एक, कशातून निघाले ते कोणालाच आठवत नाही असे स्क्रू. दुसरे किस्से. स्क्रू आम्ही बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात टाकतो, किस्से चहाबरोबर निघतात.

लोणारजवळच्या एका कॉलेजात मी इलेक्ट्रिशियन आहे. आमचे निम्मे किस्से एका गाडीचे, आणि जवळपास सगळेच गवई काकांचे. काका आमचे जुने वायरमन, सुलतानपूरचे. रिटायर झाले होते, पण दर जूनमध्ये प्राचार्य सर त्यांच्या एक वर्षाच्या मुदतवाढीवर सही करायचे, आणि काका पुन्हा खिशाला टेस्टर लावून हजर! "घरी बसलं का माणूस गंजते बे," म्हणायचे.

ती सही शेवटी झाली नाही, ती माझ्यामुळे. पण आधी गाडीचं सांगतो.

* * *

गाडी म्हणजे बॅटरीवर चालणारी, सहा जणांची गोल्फ कार्ट. पाहुण्यांना गेटपासून ऑफिसपर्यंत आणायला सरांनी एका बंद पडलेल्या रिसॉर्टमधून सेकंडहँड घेतली. आमच्याकडे गोल्फ कोणी बापजन्मात पाहिलेला नाही, पण 'गोल्फची गाडी' हे नाव तिला चिकटलं ते चिकटलंच.

पहिल्याच दसऱ्याला पुंडलिक ड्रायव्हरने तिची पूजा केली. सीट उचलून बॅटऱ्यांना हळद-कुंकू लावलं, हार घातला, नारळ फोडला आणि पाणी शिंपडलं. थेट आत!

दुसऱ्या दिवशी गाडी हलेना. पेडल दाबलं की आतल्या सोलेनॉइडचा, म्हणजे मोटारीला करंट सोडणाऱ्या स्विचचा, नुसता 'टक' आवाज. काकांनी सीट उचलली, वास घेतला आणि पुंडलिककडे पाहिलं.

"प्रसाद होता काका," पुंडलिक हळूच म्हणाला.

"मंग तो तू प्यायचा होता! सोलेनॉइडले काऊन पाजला?"

दिवसभर काका खायच्या सोड्याच्या पाण्यात जुना टूथब्रश बुडवून एकेक टर्मिनल घासत बसले. संध्याकाळी गाडी चालली. पुंडलिकने पुन्हा नारळ आणला होता, तो काकांनी आधी स्वतःच्या पिशवीत टाकला.

* * *

एकदा सर स्वतः पाहुण्यांना घेऊन गाडीत बसले. चावी फिरवली, पेडल दाबलं. ढिम्म!

मला बोलावलं. मी नवा, मल्टिमीटर त्याहून नवा. मी फ्यूज तपासले, पेडलचा स्विच उघडला, खाली आडवा झालो. अर्धं कॉलेज जमलं. पाऊण तासाने काका चालत आले. गाडीजवळ यायच्या आधीच लांबून ओरडले, "सर, म्हैस खुट्याले बांधेल हाये! आधी दावं सोडा, मंग हाका!"

मागे चार्जरची वायर लावलेलीच होती. चार्जर लावलेला असेपर्यंत ही गाडी चालत नाही, चालूच नये म्हणून तशी सोय असते. पाहुणे पोट धरून हसले. सर हसले नाहीत. सही करणारा माणूस हसत नसेल तर आपण जपून बोलावं, हे काकांना कोणी शिकवलंच नव्हतं.

* * *

बॅटऱ्यांवरून तर माझी काकांशी पैजच लागली होती. गाडी रिकामी पळायची, माणसं बसली की चढावर मरायची. मी मीटर लावला. अठ्ठेचाळीसच्या गाडीला एकोणपन्नास व्होल्ट! म्हटलं, "काका, बॅटऱ्या एकदम ओके आहेत."

"बसल्या बसल्या तर मीबी पहिलवान हावो," काका म्हणाले. "वजन टाक, मंग पाह्य."

ऑफिसातले पाच जाडजूड लोक गोळा करून गाडीत बसवले. पुंडलिकने चढावर पेडल दाबलं आणि मी गाडीबरोबर चालत, सीटखालून बाहेर काढलेल्या वायरींवरून एकेका बॅटरीला मीटर लावत गेलो. पाच बॅटऱ्या टिकल्या, सहावी आठ व्होल्टवरून धाडकन पाचावर आली. पुंडलिक तिच्यात डिस्टिल्ड वॉटरऐवजी बोअरचं पाणी टाकत होता.

* * *

आमच्या भागात काहीही बंद पडलं की पहिला उपाय एकच: 'डायरेक्ट करून पाहू!' मीही एकदा पेडलचा स्विच बाजूला ठेवून वायरीला वायर जोडली. चालली! पण मग थांबेना. मी खाली, गाडी एकटीच पुढे! नोटीस बोर्ड आडवा झाला तेव्हा थांबली.

सर धावत आले. मी काही बोलायच्या आत काका म्हणाले, "मीच सांगतलं होतं त्याले सर. माह्यी चूक."

त्यांनी काही सांगितलं नव्हतं. ते तर तेव्हा पाण्याच्या पंपावर होते. नंतर मी थँक्यू म्हटलं तर वैतागले: "बोर्ड उचल आधी!"

* * *

आता तो दिवस. नव्या लायब्ररीचं उद्घाटन होतं. डोणगावच्या एक आजी येणार होत्या. त्यांनी लायब्ररीला जागा दिली होती आणि त्यांचे दोन्ही गुडघे गेलेले होते. सरांनी फोनवर त्यांना सांगितलं होतं, "तुम्हाला एक पाऊल चालू देणार नाही."

आजी आल्या, गाडीत बसल्या. पुंडलिकने पेडल दाबलं. 'टक'सुद्धा नाही.

काकांनी चार्जर पाहिला, फ्यूज पाहिले, टर्मिनल हलवून पाहिले. शर्ट घामाने भिजला. पाहुणे खोळंबले, आणि शेवटी आजींना दोन शिपायांनी खुर्चीवर बसवून उचलून नेलं. "मले खाली ठेवा रे बाप्पा," म्हणत त्या पदराने तोंड झाकून घेत होत्या.

सर दात आवळून म्हणाले, "काल चालत होती ना? कोणी हात लावला हिला?"

मी म्हणालो, "काकांनी काल बॅटरीत पाणी टाकलं, टर्मिनल आवळले."

खोटं नव्हतं ते. पण आदल्या दिवशी माझाही हात लागला होता, आणि ते मला त्या क्षणी खरंच आठवलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सीट उचलली तेव्हा आठवलं. कंट्रोलरच्या आडोशाला एक लहानसा स्विच असतो. एकीकडे 'रन', दुसरीकडे 'टो'. गाडी ढकलायची असेल तर 'टो' करायचा, मग बाकी सगळं झोपतं. रिसॉर्टवाल्यांनी गाडी ट्रकमधून उतरवून दिली तेव्हा तो फक्त मला दाखवला होता, काका रजेवर होते. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी गाडी धुवायची होती आणि पुंडलिक चावी घेऊन मेहकरला गेला होता. म्हणून मी स्विच 'टो' केला, गाडी ढकलत नळापाशी नेली, धुतली, परत आणली. आणि तसाच विसरलो.

स्विच फिरवला. गाडी चालली. तेवढ्यात सर आले.

"काय होतं?"

"लूज कनेक्शन होतं सर."

"शाबास! आणि गवई इतकी वर्षं काय करत होते?"

त्या वेळी बोलायला हवं होतं. सोमवारी सांगू, पगार झाल्यावर सांगू, असं करत जून आला आणि काकांचा कागद सहीविना परत आला. निरोपाच्या दिवशी शाल खांद्यावर घेऊन ते माझ्याजवळ आले.

"कोणतं लूज होतं बे?"

काहीतरी सांगायचं म्हणून मी म्हणालो, "निगेटिव्हचं."

काकांनी मान हलवली आणि एसटी पकडायला गेले. मला लाज वाटली.

* * *

दोन वर्षांनी, परवा, सुलतानपूरला गेलो. काका दारात खुर्ची टाकून बसले होते. आत स्टुलावर लोणारहून आलेला एक वायरमन उभा होता, काकांच्याच घरचा पंखा बसवत!

"काका, तुमच्या घरी दुसरा वायरमन?"

"हाताचा भरोसा नाही राह्यला बे," काका म्हणाले. "ते निगेटिव्ह मी दोनदा आवळलं होतं. तरी लूज निंगालं. मंग म्हटलं, हात गेला. आता घरातला बल्बबी मी नाही बदलत."

मी सगळं सांगितलं. स्विच, गाडी धुणं, सर, शाबास. काका रस्त्याकडे बघत ऐकत होते.

"म्हंजे निगेटिव्ह आवळेल होतं?"

"हो काका."

"पक्कं?"

"पक्कं आवळेल होतं."

माझ्याकडे त्यांनी पाहिलंच नाही. उठले, आत गेले आणि स्टुलाला हात लावून त्या वायरमनला म्हणाले,

"उतर खाली."