अननसाची वाकळ

सातवा ब्लॉक मी सहाव्याच्या शेजारी ठेवला आणि कातर टेबलावर आपटली. सहावा बरोबर चौदा इंच. सातवा साडेतेरा. तिसरा तर मधोमध फुगून पुरीसारखा बसला होता. इस्त्री ठेवली की खाली जायचा, उचलली की पुन्हा वर. असे पंचवीस ब्लॉक जोडून एक गोधडी करायची होती, आणि हातातल्या पाच आठवड्यांपैकी दोन मी या सातांपायी घालवले होते.

ही गोष्ट वाईतली. लढाई नुकती संपली होती, पण कापडाचा कंट्रोल काही संपला नव्हता. कार्डावर मिळेल तेवढंच कापड. लोक नवीन शिवत नव्हते, जुनं उलटं करून घालत होते. मी सांगलीला एका मोठ्या दुकानात काम शिकलो आणि वाईत घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर स्वतःचं दुकान टाकलं, ते नेमकं या दिवसांत. पायमशीन होतं, दारावर पाटी होती, काम तेवढं नव्हतं. सांगलीहून निघताना मी सगळ्यांदेखत सांगून आलो होतो, आता दुसऱ्याच्या मशीनवर बसणार नाही. माझं तोंड आधी धावतं आणि पाय मागून येतात. त्या वेळी दोन महिन्यांत दुकानाला कुलूप लागेल अशी स्थिती होती.

अशात मिशनच्या दवाखान्याच्या मेट्रनबाई दुकानात आल्या. मेट्रन म्हणजे सगळ्या नर्सांची मुख्य. त्यांनी रुमालातून एक जुना चौकोनी तुकडा काढला.

“मास्तर, असं शिवता येईल?”

दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टर मड्डम वीस वर्षांनी मायदेशी निघाल्या होत्या. लहानपणी आईनं त्यांना एक गोधडी शिवून दिली होती. ती विरून विरून तिचा एवढाच तुकडा उरला होता, आणि तो त्या कपाटात जपून ठेवत. मेट्रनबाईंनी तो त्यांच्या नकळत आणला होता. तशीच अख्खी गोधडी सगळ्यांनी मिळून निरोपाला द्यायची, असा बेत होता.

“याला पायनॅपल ब्लॉक म्हणतात. अननस,” बाई म्हणाल्या.

अननस मी डब्यावरच्या चित्रात पाहिलेला. तरी म्हणालो, “येईल की! दोन आठवडे पुरेत.”

“पाच घ्या. आणि काम मनासारखं झालं, तर दवाखान्याचं सगळं शिवण तुमच्याकडे. नर्सांचे गणवेश, चादरी, पेशंटचे झगे. कापड आमच्या परमिटवर येतं.”

बाई रस्त्याच्या वळणावर दिसेनाशा होईपर्यंत मी कसाबसा गंभीर उभा राहिलो. मग मशीनला नमस्कार केला.

तो तुकडा दोनच दिवस माझ्याकडे राहणार होता आणि उसवून बघायची सोय नव्हती. मी भिंग घेऊन बसलो. मधे दोन इंची लाल चौकोन. त्याच्या चार बाजूंना चार पांढऱ्या पट्ट्या. त्यांचे कोपरे खात चार रंगीत पट्ट्या, तिरक्या. पुन्हा चार पांढऱ्या सरळ, पुन्हा चार रंगीत तिरक्या. अशा आठ फेऱ्या आणि शेवटी चार कोपऱ्यांचे त्रिकोण. एका ब्लॉकात सदतीस तुकडे. एक ब्लॉक नुसता बघितला तर काहीच कळत नाही, पण चार शेजारी ठेवले की रंगीत पट्ट्यांची पानं फुटतात आणि खवल्याखवल्यांचं फळ दिसायला लागतं. मी कागदावर चार काढून बघितले आणि खुर्चीवरून उठलोच. काय डोकं असेल त्या माउलीचं!

कापडाचा प्रश्न सुटला. पांढऱ्यासाठी दवाखान्याच्या फाटक्या चादरी आल्या. रंगासाठी माझं चिंध्यांचं पोतं होतं, त्यात चोळीच्या खणांचे तुकडे भरपूर. लाल, हिरवे, जांभळे.

मग मी शिंप्यासारखा कामाला लागलो. शिंप्याचं शास्त्र असं, की आधी माप, मग बेतणं, मग कापणं, आणि शिवण शेवटी. मी सदतीसही तुकड्यांचे कागद कापले, त्यावर कापड कापलं आणि एकेक जोडत गेलो. हिशेब चोख होता. पण एका टिपेत अर्धं सूत इकडेतिकडे होतंच, आणि सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. शर्टात ते खपतं. इथे फेरीवर फेरी चढते, तशी चूकही चढते. त्यात तिरकी कापलेली कड हातात ताणते. तिला आम्ही उरेब म्हणतो. ती ताणली की ब्लॉकची पुरी होते.

तर मी कातर आपटली, आणि दारातून हसण्याचा आवाज आला.

हौसाक्का उभी होती. कृष्णेपलीकडच्या गावातली, पन्नाशीची शेतकरी बाई. आसपासच्या चार गावांत कुणाला वाकळ हवी असली की हिला बोलावणं जायचं. वाकळ म्हणजे जुन्या लुगड्याधोतरांची जाड गोधडी. दर पंधरवड्याला ती माझ्याकडे चिंध्या न्यायला यायची.

“मास्तर, कातरीनं काय घोडं मारलंय तुमचं?”

“चिंध्या नाहीत आज. सगळ्या लागल्यात मला.”

तिनं ते ऐकलंच नाही. सरळ आत येऊन तिसरा ब्लॉक उचलला आणि त्याच्या फुगवट्यावर बोटानं टिचकी मारली.

“ह्ये आधी कापून मग शिवलंय व्हय?”

“मग? आधी शिवून मग कापायचं?”

“तर! वाकळ कुनी माप घिऊन कापतंय का? खाली जुनेर अंथरायचं. त्येच्यावर चिंधी ठिवायची, टाका घालायचा, उलटायची, नखानं दाबायची. ऱ्हायलेलं कापून टाकायचं. खालचं जुनेर धरून ठिवतंय तिला. पळंल कुटं?”

मी सांगलीच्या मोठ्या दुकानात शिकलेला माणूस. मला शिवण शिकवायला वाकळवाली! मी म्हणालो, “हौसाक्का, हे नाजूक काम आहे. वाकळ नव्हे.”

“नाजूक हाय म्हनून तर फुगलंय,” ती म्हणाली आणि खाली बसकण मारून तिनं माझं एक फडकं अंथरलं.

तिनं शिवायला घेतलं आणि मी नुसता बघत राहिलो. टाका, उलट, नख, कातर. पट्ट्या जागच्या हलत नव्हत्या, उरेबसुद्धा मुकाट बसत होती. पण अर्ध्यावर येऊन तीही अडली. वाकळ काठापासून सुरू करतात आणि फेरे घेत मधे येतात. हौसाक्कानं अननसही बाहेरूनच सुरू केला होता. मधोमध आली तेव्हा लाल चौकोनाची जागा वाकडीतिकडी उरली होती.

“ह्यो मधनं बाहीर जातोय व्हय? उलटंच हाय की लेकाचं!”

आता हसायची पाळी माझी होती. पण मी हसलो नाही, कारण त्याच क्षणी माझ्या डोक्यात ते चमकलं. तिचं जुनेर आणि माझं माप! खालच्या कापडाच्या मागच्या बाजूवर पेन्सिलीनं सगळा अननस आखायचा, सदतीसच्या सदतीस घरं. पट्टी सुलट बाजूला धरायची, कापड पालथं करायचं आणि आखलेल्या रेघेवर मशीन चालवायचं. मग उलटायचं, दाबायचं आणि उरलेलं कापायचं. पट्टी वेडीवाकडी कापलेली असली तरी बिघडत नाही, कारण टीप रेघेवर आहे. चूक पुढच्या फेरीवर चढणारच नाही!

मी घाईघाईनं रेघा मारल्या. हौसाक्का पट्टी धरत होती, मी टीप मारत होतो. तिला ओरडून सांगत होतो, “पांढरी! आता रंगीत! तिरकी, तिरकी!” आणि ती मला ओरडत होती, “दिसतंय मला, पाय हालवा!” शेवटचा त्रिकोण बसला. मी टेप लावला. चौदा इंच. दुसऱ्या बाजूनं लावला. चौदा. कोनातून कोनात मोजलं, दोन्हीकडे सारखं. टेबलावर ठेवला तर पाटासारखा सपाट.

मी चक्क आरोळी ठोकली. समोरचा वाणी तागडी हातात घेऊन दारात आला. हौसाक्का ब्लॉककडे टक लावून बघत होती. “लय देखनं झालंय वो, मास्तर,” ती म्हणाली, आणि दुसऱ्या दिवसापासून न सांगता रोज यायला लागली.

खाली अंथरायला तलम पण मजबूत कापड हवं होतं. घाटावरच्या भटजींची जुनी धोतरं त्या कामी आली. मड्डमच्या गोधडीच्या पोटात भटजींचं धोतर! याचं मला हसू यायचं, पण मी ते कुणाला सांगितलं नाही. दिवसाला दोन ब्लॉक निघू लागले. पाच ओळी, ओळीत पाच. ज्या दिवशी ते सगळे जोडले, त्या दिवशी आम्ही दोघं स्टुलावर चढून वरून बघत होतो. टोकाला टोक भिडलं होतं. सगळीकडे अननस उगवले होते. खरं सांगतो, त्या वेळी मी नर्सांचे गणवेश, परमिट, कुलूप, सगळं विसरलो होतो.

मग आत कापूस, खाली अस्तर, आणि तिन्ही थरांना धरून ठेवणारा धावदोरा. तो हौसाक्काचा प्रांत. काठापासून फेरे घेत ती मधे आली आणि मधला शेवटचा टाका तिनं निरोपाच्या आदल्या दिवशी घातला. मी त्या वेळी जेवायला गेलो होतो.

सकाळी मी दुकान उघडलं. टेबलाच्या पायावरून मुंग्यांची रांग वर चढली होती आणि गोधडीच्या मध्यावर जाऊन गडप होत होती. शेकड्यांनी मुंग्या! दहा वाजता दवाखान्यात हजर व्हायचं होतं.

तेवढ्यात हौसाक्का आली. “मुंग्या? व्हय, गूळ हाय न्हवं का आत.”

“गूळ? आत?”

“भाकरीचा चतकोर घातलाय. वाकळ उपाशी ठिवू नये, मास्तर. उपाशी वाकळीत ऊब येत न्हाई. आन् ही तर समुद्रापल्याड निगालीया. कोरडी भाकर घालून कशी धाडायची? म्हनून वाईच गूळ लावला.”

मी काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाली, “काडनार असशीला तर तुमच्या हातानं काडा. मी न्हाई उपाशी करनार तिला.”

पुढून उसवायचं तर मधला चौकोन सगळ्यात आधी बसलेला. त्याला हात लावला की अख्खा ब्लॉक गेला. म्हणून मी मागून अस्तर कापलं, भाकरी काढली, कापूस झाडला, मुंग्या झटकल्या. अस्तरावर गुळाचा डाग पडला होता आणि त्या रंगाचं कापड शिल्लक नव्हतं. पोत्यात खाकीचा एक तुकडा मिळाला. तेच ठिगळ लावलं आणि निघालो. हौसाक्का मागोमाग आली.

दवाखान्याच्या व्हरांड्यात मेट्रनबाईंनी गोधडी उलगडली. नर्सा “अगंबाई!” म्हणून पुढे आल्या. बाई खूश. मग त्यांनी ती उलटली.

“मास्तर, नव्या गोधडीला ठिगळ?”

“ते... आतला कापूस जरा...”

“खोटं कशाला बोलताय, मास्तर?” हौसाक्का मागून म्हणाली. “मी भाकर घातली व्हती. ह्येंनी काडली.”

बाईंचा चेहरा पडला. “भाकरी? दवाखान्यात द्यायच्या गोधडीत?” त्यांनी घडी घालायला घेतली. “मास्तर, आमच्याकडे स्वच्छता पहिली. गणवेशांचं मला पुन्हा विचार करून बघावं लागेल.” माझे कान गरम झाले. दुकानाचं कुलूप मला डोळ्यांसमोर दिसायला लागलं.

तेवढ्यात मड्डम बाहेर आल्या. घडी अर्धीच राहिली. गोधडीजवळ येऊन गुडघ्यांवर बसल्या आणि लाल चौकोनापासून एकेका पट्टीवरून बोट फिरवत कडेपर्यंत गेल्या. मग पुन्हा मधे आल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. ते बघून माझेही भरले, सांगायला लाज कसली.

“भाकरीचं काय म्हणत होता तुम्ही?” त्यांनी मराठीत विचारलं.

हौसाक्कानं सगळं सांगितलं, गुळासकट.

“म्हणजे आता ही उपाशी आहे?”

“व्हय की. ह्येंनी केलीया.”

मड्डमनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी कुणाचं तरी ताट ओढलं होतं. आत गेल्या आणि डब्यातून एक बिस्किट घेऊन आल्या. हौसाक्कानं ते हातात घेऊन वास घेतला.

“ग्वाड न्हाई न्हवं?”

“नाही. खारं आहे.”

“मग चालंल.”

आणि सगळ्या दवाखान्यासमोर मी खिशातून कातर काढून तासाभरापूर्वीचं माझंच ठिगळ उसवलं. हौसाक्कानं बिस्किट आत सारलं आणि शेवटचा टाका तिनंच घातला.

दवाखान्याचं शिवण मला मिळालं. पण मेट्रनबाईंनी अट घातली, की हौसाक्कानं नजरेखालून घातल्याशिवाय एकही कपडा दवाखान्यात यायचा नाही. पुढं कितीतरी वर्षं, अक्षरओळख नसलेली ती बाई माझ्या टिपा तपासायची आणि “कच्ची हाय, उसवा” म्हणून माझ्याच अंगावर फेकायची. दहातल्या नऊ वेळा तिचं बरोबर असायचं.

मला मात्र तेव्हापासून एक सवय लागली. काम गिऱ्हाइकाच्या हाती देण्याआधी मी ते पुरतं चाचपून बघतो, आणि कारागिराला सरळ विचारतो, “आत काही घातलंय का?”