सांधा सुटलाय म्हणते

पाणीपुरवठा खात्यात त्यांना सगळे कानसेन म्हणत. गाण्यातलं त्यांना काडीचंही कळत नव्हतं. त्यांची कीर्ती वेगळ्याच कारणाने होती. हातात पाच फुटी लोखंडी कांब, तिच्या वरच्या टोकाला वाटीएवढा लाकडी गोळा. कांब रस्त्यावर टेकवायची, लाकडाला कान लावायचा, डोळे मिटायचे, आणि चार फूट खाली नळ कुठे गळतोय ते सांगायचं. "इथे खणा" म्हणाले की तिथेच खणायचं. एक वीत इकडे नाही की तिकडे नाही. नोकरी सदतीस वर्षांची झालेली, निवृत्तीला दोन महिने उरलेले, आणि आपण बसवलेल्या नळातून थेंब गळला नाही हा त्यांचा एकुलता एक गर्व. हे ते चहाच्या टपरीवर रोज एकदा तरी बोलून दाखवत.

गावाच्या टोकाला, बस डेपोच्या भिंतीमागे, एक टेकाड होतं. टेकाडावर सात उभे दगड. देवळं वगैरे बांधायची कल्पना निघायच्या आधीच्या माणसांनी कधीतरी रोवलेले. कुणासाठी रोवले, का रोवले, विचारायला कुणी उरलं नव्हतं. सगळ्यांत मोठ्या दगडाच्या पायाशी म्हणे पूर्वी झरा होता. तो पणजोबांच्या काळातच आटला. मग अकरा वर्षांपूर्वी एका सकाळी डेपोच्या पहारेकऱ्याला तिथे ओल दिसली. आठवड्यात पाणी वाहायला लागलं, महिन्यात बेडूक आले, आणि बेडकांपाठोपाठ माणसं आली.

ही माणसं स्वतःला 'मातीची माणसं' म्हणवत. मूर्ती नाही, पोथी नाही, पुजारी नाही. जमीन हीच आई, आणि तिच्याकडून घेतलेलं थोडं तरी तिला परत करायचं, एवढाच त्यांचा धर्म. पुढारपण आपसूक दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे आलं होतं, कारण त्यांनी "आ करा" म्हटलं की कोणीही आ करत असे. दर रविवारी सकाळी पंचवीस-तीस जण जमत. बेकरीवाला भट्टीतला पहिला पाव आणून मातीत पुरत असे. बागेत काम करणारी माळीणमावशी आपण वाढवलेलं एक रोप लावून जाई. कानसेनांची बायकोही जायची. शिवणकाम करणारी बाई. ती कापसाच्या चिंध्यांचे तुकडे नेऊन पुरायची, आणि येताना बाटलीभर झऱ्याचं पाणी आणून गुडघ्यांना चोळायची.

"फरक पडतोय का?" कानसेन विचारत.

"जिना चढते ना आता! तुमच्या त्या मलमाने नुसता वास यायचा."

कानसेन स्वतः टेकाडावर कधी फिरकले नव्हते. त्यांचं म्हणणं, जमिनीशी माझं रोजचंच बोलणं असतं, सुट्टीच्या दिवशी आणखी कशाला?

पण जावं लागलं. वरच्या वस्तीत तिसऱ्या मजल्यावर पाणी चढेना. लोक बादल्या घेऊन कचेरीत आले आणि इंजिनिअर मॅडमच्या टेबलावर त्या आपटल्या. मॅडमनी नकाशावर बोट ठेवलं. "या नळात शिरतं तेवढं पाणी पलीकडे निघत नाही. मध्ये कुठेतरी मोठी गळती आहे, आणि ती वाढत चाललीय. तुमच्याशिवाय कोण शोधणार?"

सकाळी लवकर रस्त्यावर वर्दळ नसते आणि ऐकू स्पष्ट येतं, म्हणून कानसेन उजाडताच निघाले. पंपापासून कांब टेकवत टेकवत ते डेपोपर्यंत आले. आवाज वाढत चालला होता. डेपोची भिंत ओलांडून टेकाडाच्या उतारावर आले आणि कानात नुसता धबधबा. त्यांनी डोळे मिटले, वाकले, लाकडाला कान घट्ट दाबला आणि तल्लीन झाले.

डोळे उघडले तर भोवती पंचवीस-तीस माणसं उभी. रविवार आहे हे ते साफ विसरले होते. बेकरीवाल्याने पाव छातीशी धरलेला. त्यांची बायको मागच्या रांगेत उभी राहून डोळे वटारत होती.

डॉक्टरीणबाई हळूच पुढे आल्या आणि कुजबुजल्या, "काय म्हणते ती?"

"कोण?"

"ती." त्यांनी जमिनीकडे बोट केलं.

कानसेनांनी प्रामाणिकपणे सांगितलं, "सांधा सुटलाय म्हणते."

गर्दीतून एक मोठा उसासा उमटला. तिघाचौघांनी नकळत आपापले गुडघे चाचपले. डॉक्टरीणबाईंच्या डोळ्यांत पाणी तरळलं. "ऐकलंत? माणसाचा आणि जमिनीचा सांधा! अकरा वर्षं आपण इथे येतोय, पण एवढ्या नेमक्या शब्दांत..."

कानसेनांना एक खात्री अजून करून घ्यायची होती. त्यांनी खिशातून काचेची नळी काढली, झऱ्याचं पाणी भरलं आणि कुपीतल्या औषधाचे दोन थेंब सोडले. पाण्यात क्लोरीन असेल तर ते पिवळं पडतं. पडलं, चांगलं पिवळं पडलं. उन्हात धरल्यावर नळी लखलखली.

"सोनं!" माळीणमावशी म्हणाली आणि मटकन खाली बसली.

कानसेनांना तिथून निघणं फार जड गेलं. दोघांनी त्यांच्या कांबेला हात लावून पाहिला. बेकरीवाल्याने आईसाठी आणलेला पाव अर्धा मोडून त्यांच्या हातावर ठेवला. ते तो खात खात कचेरीत गेले, नकाशा काढला, आणि उरलेला पाव खाली ठेवून तो पुन्हा नीट पाहिला.

उतारावर, मोठ्या दगडापासून दहा पावलांवर, एक सांधा दाखवला होता. बाजूला तारीख आणि बसवणाऱ्याची सही. सही त्यांचीच. तारीख अकरा वर्षांपूर्वीची, मुलीच्या लग्नाच्या आदल्या दिवसाची. त्यांना सगळं आठवलं. घरून तीनदा निरोप आला होता, व्याही स्टेशनवर उतरले होते, आणि दोन नळांच्या जोडात बसवायचं रबरी कडं आत जाताना पिळलं गेल्यासारखं वाटलं होतं. वाटलं होतं, पण घाईत त्यांनी तिकडे कानाडोळा केला होता.

म्हणजे माय जमीन प्रसन्न झाली ती एका पिळलेल्या रबरी कड्यातून!

घरी त्यांनी बायकोला सांगितलं. तिने सुई खाली ठेवली.

"मग माझे गुडघे?"

"खात्याच्या पाण्याने बरे झाले."

"कुणाला सांगितलंत?"

"नाही अजून."

"सांगू नका. आणि त्याला हातही लावू नका. तिथे बेडूक आहेत, फुलं आहेत. डॉक्टरीणबाईंचा नवरा गेला तेव्हा त्या तिथे बसून सावरल्या, माहितीय तुम्हाला? तुमच्या हातून आयुष्यात एक चूक झाली, तीही चांगली झाली. राहू द्या की!"

"अगं, वरच्या वस्तीत म्हाताऱ्या बायका बादल्या घेऊन तीन मजले चढतात. त्यांच्या गुडघ्यांचं काय?"

तिने सुई उचलली आणि जेवणं होईपर्यंत मशीन जरा जास्तच जोरात चालवलं.

मंगळवारी कानसेनांनी दोन मजूर घेतले, उतार खणला, पिळलेलं कडं काढलं आणि नवं बसवलं. वरच्या वस्तीत पाणी धो धो चढलं. गुरुवारपर्यंत झरा आटला.

रविवारी ते बायकोबरोबर टेकाडावर गेले. ती म्हणालीच होती, "मला एकटीला त्यांची तोंडं बघवणार नाहीत." मोठ्या दगडाखाली चिखल भेगाळला होता. एक बेडूक भेगेच्या कडेला बसून सगळ्यांकडे आळीपाळीने बघत होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आपलंच काहीतरी चुकलंय. ज्याचं जे असेल ते त्याने बोलून टाकावं."

मग बेकरीवाला पुढे झाला. "मी पहिला पाव म्हणून आणतो तो पहिला नसतो. शनिवारी उरलेला असतो." एक बस ड्रायव्हर म्हणाला की डेपोत शौचालय असूनही तो कधीकधी भिंतीच्या या बाजूला येतो. हे ऐकून भिंतीजवळचे दोघे-तिघे बाजूला सरकले. एका मास्तरांनी कबूल केलं की डोळे मिटून बसतात तेव्हा ते खरं म्हणजे झोपतात. स्वतः डॉक्टरीणबाई खाली मान घालून म्हणाल्या, "मला मागे रांग लावून उभे राहिलेले लोक आवडायला लागले होते."

कानसेन कानकोंडे होऊन उभे होते. इथवर त्यांनी दम धरला. पण मग माळीणमावशी उठली. ती सांगायला लागली की बागेच्या साहेबांच्या हुकमावरून तिने गेल्या आठवड्यात तण मारायचं औषध फवारलं होतं, ते मातीत मुरलं असणार, आईला तिनेच मारलं. बोलता बोलता ती हमसून रडायला लागली.

"अहो मावशी, गप्प बसा!" कानसेन ओरडले. "तुम्ही काही केलं नाही. मी केलं. दोन्ही वेळा मीच केलं!"

आणि त्यांनी रबरी कड्यापासून काचेच्या नळीपर्यंत सगळं सांगून टाकलं. सदतीस वर्षांचा गर्व असा भर सकाळी चिखलात ठेवला.

एकच गलका झाला. "म्हणजे अकरा वर्षं मी नळाला पाव घातला?" बेकरीवाला म्हणाला. "शिळा घातलास," ड्रायव्हरने आठवण करून दिली. मास्तर जागे असल्यामुळे त्यांनाही राग आला. कुणी म्हणालं खात्यात तक्रार करू, कुणी म्हणालं खात्याचाच माणूस आहे, कुणाकडे करणार?

डॉक्टरीणबाई दगडाकडे बघत होत्या. मग त्यांनी हात वर केला. "एक सांगा. हे पाणी तुमचं होतं, ठीक. पण हे दगड तुमच्या खात्याने रोवलेले नाहीत. ज्यांनी रोवले त्यांच्या वेळी इथे पाणी असणारच. ते कुठे गेलं?"

कानसेनांना हा प्रश्न आयुष्यात पडला नव्हता. पाणी कुठे जातं हेच ते शोधत आले होते. मुळात आलं कुठून, हे खात्यात कुणी विचारतच नसे.

पुढचे चार दिवस ते जुन्या कागदांच्या खोलीत शिंकत बसले. पाचव्या दिवशी कापडावर काढलेला एक नकाशा सापडला. खातं सुरू झालं त्या वर्षीचा. टेकाडाच्या पाठीमागे, आज खात्याच्या कुंपणात असलेल्या जागी, एक हौद दाखवला होता आणि शेजारी सुबक अक्षरात लिहिलं होतं, 'झरा येथे अडवून घेतला आहे.'

ते धावतच दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंच्या खुर्चीत एक माणूस आ वासून बसला होता. त्याच्या डोक्यावरूनच त्यांनी नकाशा पुढे केला. "पाणी तिचंच होतं हो! आपण वरच्या वर उचललं, औषध घातलं आणि नळातून गावाला दिलं. माझ्या सांध्यातून गळलं तेही तिचंच."

आ वासलेल्या माणसाने काहीतरी विचारलं. कुणालाच ते कळलं नाही.

तो जुना हौद अजूनही वापरात होता, आणि तो भरला की जास्तीचं पाणी गटारात सोडलं जात असे. क्लोरीन घालायच्या आधीचं, स्वच्छ पाणी. कुणाच्या वाट्याचं कमी न करता ते दगडापाशी नेता येत होतं. फक्त नळजोडणीचा अर्ज हवा होता. कानसेनांनी तो भरला आणि मॅडमपुढे ठेवला.

मॅडमनी वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला. "अर्जदाराचं नाव, जमीन?"

"होय."

"व्यवसाय काही लिहिला नाहीत."

"काय लिहू? सगळंच करते ती."

"राहणाऱ्यांची संख्या?"

"बेडूक धरायचे का?"

"आणि सही? सहीशिवाय मला पुढे पाठवता येणार नाही."

सहीच्या जागी चिखलाचा एक भला मोठा ठसा होता. बायकोने अर्ज टेकाडावर नेऊन मातीत दाबून आणला होता. मॅडमनी खिडकीतून बाहेर पाहिलं, वरच्या वस्तीतून आठवडाभरात एकही बादली आली नाही हे त्यांना आठवलं असावं, आणि त्यांनी ठशाखाली लिहिलं, 'अर्जदाराने माझ्यासमक्ष अंगठा दिला.'

चर खणायचं काम मातीच्या माणसांनी केलं. चार रविवार लागले. अकरा वर्षं वाहिलेल्या वस्तूंपेक्षा या चार रविवारी त्यांच्या अंगातून जास्त काहीतरी जमिनीत गेलं, निदान घाम तरी. बेकरीवाला पहाटेचे पाव घेऊन येई, पण ते आता खणणाऱ्यांना मिळत. मास्तर फावड्यावर रेलून झोपत नसत असं नाही. सांधे मात्र सगळे कानसेनांनीच बसवले, आणि त्यांच्या शेजारी चरात गुडघे टेकून डॉक्टरीणबाई बसत. नळाची खालची बाजू डोळ्यांना दिसत नाही. त्या आपला दातांचा छोटा आरसा खाली सरकवून कडं नीट बसलंय का ते बघत.

"डावीकडे किंचित वर आलंय."

"दिसतंय एवढं?"

"अहो, अक्कलदाढेपेक्षा सोपं आहे हे."

कानसेनांच्या निवृत्तीच्या आदल्या दिवशी व्हॉल्व्ह उघडला. आधी नळ खोकला. मग लालसर गढूळ पिचकारी उडाली आणि पुढच्या रांगेतले सगळे माखले. "हवा आहे आत, जाऊ द्या," कानसेन म्हणाले. हळूहळू पाणी निवळलं आणि मोठ्या दगडाच्या पायाशी आवाज न करता पसरायला लागलं. बायकोने बाटली भरली नाही. तशीच खाली बसून पाय पाण्यात सोडले. माळीणमावशी पाण्याच्या कडेने एक एक रोप लावत सुटली.

कानसेनांनी सवयीने कांब टेकवली आणि कान लावला. बराच वेळ लावला. कुठे खरखर नाही, थरथर नाही.

"काय म्हणते?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

सगळे थांबले. कानसेनांनी विचार केला. काहीतरी शोभेसं बोलावं असं त्यांना फार वाटलं, पण खोटं बोलणं जमेना.

"दर सहा महिन्यांनी व्हॉल्व्हला तेल घालावं लागेल," ते म्हणाले.

सगळ्यांनी डोळे मिटले आणि गंभीरपणे माना लववल्या. मास्तरांनी तर ते वहीत लिहून घेतलं.