वर गेलेला नविन

मी पहिलीच्या वर्गाची मावशी. तलासरीकडच्या आमच्या मिशनच्या शाळेत पोरं पहिलीत काय शिकतात ते मला विचारा, टीचरला विचारू नका. टीचर सांगेल, एबीसीडी आणि शंभरपर्यंत आकडे. अहो, खरं शिक्षण त्याच्या आधीचं. बूट उलटे घालायचे नाहीत, शेंबूड बाहीला पुसायचा नाही, लघवीला लागली तर बाकावर न सोडता करंगळी दाखवायची, आणि डबा उघडण्याआधी हात जोडून 'आमच्या स्वर्गातील बापा' म्हणायचं. घरी बोलतो ते वर्गात बोलायचं नाही, हेही एक शिकायचं असतं. पाड्यावरची पोरं जूनमध्ये येतात तेव्हा त्यांना टीचरचं अर्धं कळतं आणि टीचरला त्यांचं काहीच कळत नाही. मधे मी उभी, इकडचं तिकडे सांगत.

यंदाची लविना टीचर वसईची. पोरगी मनाने चांगली आहे, मुद्दाम कुणाचं वाईट करणार नाही. पण काहीजणांना घाईच फार असते माया करायची. समोरच्याचं बोलणं पुरतं ऐकून घ्यायच्या आत यांचे डोळे भरून येतात. असल्या माणसांचा मला खरं सांगते राग येतो.

सुनिता माझी शेजारीण. तिची भाविनी यंदा पहिलीत आली. भाविनी पालथी पडायला लागली होती तेव्हा तिचा बाप, नविन, वर गेला. आमच्या पाड्यावर वर जाणं म्हणजे बोटीवर जाणं. पावसाळा सरत आला की पुरुष गुजरातकडे निघतात, पोरबंदरला, ओख्याला, खलाशी म्हणून. मुंबईकडे गेला तो खाली गेला, गुजरातकडे गेला तो वर गेला, असंच आम्ही लहानपणापासून बोलतो. त्यात हसण्यासारखं किंवा रडण्यासारखं आम्हाला कधी काही वाटलं नाही.

नविनची बोट पाण्यातली हद्द ओलांडून गेली म्हणे. सगळ्यांना धरून कराचीच्या जेलात टाकलं. त्याचं एक पत्र आलं, पुढे काही नाही. मग त्याच जेलातून सुटून शेजारच्या पाड्यावरचा मिथुन घरी आला. त्याने सांगितलं, नविन आजारी होता, एका सकाळी त्याला दवाखान्यात नेलं, मग बराकीत परत आणलाच नाही. मेला म्हणावं तर कुणी पाहिलेला नाही आणि जिवंत म्हणावं तर कुणी पाहिलेला नाही. आमच्या जुन्या फादरांनी दिल्लीपर्यंत अर्ज केले. उत्तर यायच्या आधी त्यांचीच बदली झाली.

आणि सुनिता तिथेच अडकली. तिची आई सायवनला, एकटी, गुडघ्याने अधू. सुनिता म्हणायची, मी भाविनीला घेऊन तिकडे जाते. सासू, बुधी, दारात आडवी व्हायची. "तो आला आणि तू घरात नसलीस तर?" चारोटीला हायवेवरच्या हॉटेलात भाकऱ्या करायला बाई पाहिजे होती, तेव्हाही हेच. तो आला तर? कुणाच्या लग्नात चार पावलं नाचली तर नवरा जेलात आणि ही नाचते. तिच्या वयाच्या दोघी पाड्यावर विधवा झाल्या, दुसऱ्या घरी नांदायला गेल्या, आमच्यात त्याला कुणी नावं ठेवत नाही. पण त्यासाठी आधी नवरा मेलेला पाहिजे. सुनिता धड बायको नाही, धड विधवा नाही. मला तर तिच्याकडे बघून घुसमटायला व्हायचं, मग तिचं काय होत असेल.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली. नोव्हेंबरात ख्रिस्ती लोक आपल्या गेलेल्या माणसांसाठी प्रार्थना करतात. शाळेतही एक दिवस ग्राउंडवर मेणबत्त्या लावून फादर माइकवर नावं घेतात. पोरांच्या घरची नावंही घेतात, कुठल्या धर्माचा ते बघत नाहीत. त्या आठवड्यात माझ्या आईच्या मोतीबिंदूसाठी मला डहाणू रोडला खेपा मारायच्या होत्या, म्हणून मी रजेवर. पहिलीच्या वर्गाला जीभच नव्हती म्हणा ना.

लविना टीचरने पोरांना विचारलं, तुमच्या घरातलं कोण देवाघरी गेलंय? पोरं बघत बसली. देवघर त्यांना ठाऊक आहे, पण तिकडे कोण कशाला जाईल? म्हणून टीचरने सोपं करून विचारलं. बोट आभाळाकडे केलं आणि म्हणाली, "कोण वर गेलंय?"

अर्ध्या वर्गाने हात वर केले. नोव्हेंबर महिना, त्या सगळ्यांचे बाप बोटीवर. टीचर घाबरली असेल, पण एवढी काही ती बावळट नाही. एकेकाला विचारलं, बाबाचा फोन येतो का? येतो. होळीला आला होता का? आला होता. असं करत करत एकेक हात खाली आणला. भाविनीचा हात तेवढा राहिला. फोन येतो? नाय. घरी येतो? नाय. तू कधी बघितलास? नाय. टीचरने तिला जवळ घेतलं आणि कागदावर नाव लिहिलं. पोरीला वाटलं शाबासकी मिळाली, ती खूश.

नवीन फादरांनी ते नाव माइकवर वाचलं. नविन काळ्या, पहिलीतल्या भाविनीचे वडील, देव त्यांच्या आत्म्याला शांती देवो. बारकी, आमच्याच पाड्यावरची, नातवाचा विसरलेला डबा द्यायला फाटकाशी आली होती. तिने ऐकलं आणि डबा हातात तसाच घेऊन पाड्याकडे धावत सुटली. तिचा तरी काय दोष? दिल्लीला अर्ज कोण करत होतं, फादर. मग खबर कुणाकडे येणार, फादरकडेच. आधीचे फादर वेगळे आणि हे वेगळे, एवढं बारकीला कोण सांगणार? तिच्या लेखी झगा तोच, माणूस तोच.

मी संध्याकाळी आईला घेऊन रिक्षातून उतरले तर पाड्यावर आकांत. बुधीने सुनिताच्या बांगड्या उंबऱ्यावर फोडल्या होत्या, गळ्यातलं तोडलं होतं. बुधीचा धाकटा मुलगा तुक्या दिवस कधी घालायचे, भगताला कधी बोलवायचं, ते ठरवत होता. आणि सुनिता रडत होती. इतक्या वर्षांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. बायका तिला धरत होत्या आणि ती धरू देत नव्हती, अंगणात लोळून लोळून रडत होती. मीही रडले. नविन माझ्या डोळ्यांदेखत वाढलेला पोरगा, का नाही रडणार?

सकाळी, रजा संपली म्हणून, मी शाळेत जायला निघाले तर सुनिता ओट्यावर बसलेली. डोळे सुजलेले, पण चेहरा कसा सांगू, आजारी माणसाचा ताप उतरल्यावर होतो तसा. म्हणाली, "जयवंतीबाय, आज मला झोप लागली. ऊन तोंडावर आलं तरी जाग नाय." मग हळूच म्हणाली, "दिवस झाले की सायवनला जाईन. भाविनीला तिकडच्या शाळेत घालीन." शेजारी तिने पोरीचे कपडे एका लुगड्यात बांधून ठेवले होते. मी तिच्या पाठीवर हात फिरवला. तिला बरं वाटतंय याचं मला वाईट वाटलं नाही, उलट मलाच सुटल्यासारखं झालं.

शाळेत गेल्या गेल्या मी टीचरला विचारलं, नविनची खबर कुठून आली, दिल्लीहून की कराचीहून? टीचर म्हणाली, "कसली खबर? भाविनीच म्हणाली ना, बाबा वर गेलाय." मी कपाळावर हात मारून घेतला आणि तिला वर म्हणजे काय ते सांगितलं. ती पांढरीफटक पडली. मग मिथुनचंही सगळं सांगितलं, पण तिने त्यातलं एवढंच धरलं की मेल्याची खबर नाही. "म्हणजे ते आहेत! देवाची कृपा. मावशी, चला, आत्ताच्या आत्ता त्यांना सांगू या." आनंदाने रडायला लागली बाई. मी म्हटलं, जरा थांबा, मला विचार करू दे. पण विचार काय करणार? मरण खोटं आहे हे किती दिवस लपवणार, आणि कुणाच्या जिवावर? शाळेच्या गाडीत बसून आम्ही दोघी पाड्यावर आलो.

टीचरने अंगणात उभं राहून सगळ्यांची माफी मागितली. माझी चूक झाली, म्हणाली, कुठलीही खबर आलेली नाही. मी ते आमच्या बोलीत सांगितलं. बुधी ताडकन उठली. "माझा नविन हाय. मी बोलत होते ना, हाय तो." तिने शेजारणीला हाका मारून नव्या बांगड्या मागवल्या. तुक्या भगताकडे निघाला होता, तो अर्ध्या वाटेवरून परत आला. लोक हसत होते, एकमेकांना सांगत होते. सुनिता ओट्यावरून हलली नाही.

टीचर तिच्यापुढे गुडघ्यावर बसली. "सुनिता, मला माफ कर. तुझे मिस्टर जिवंत आहेत."

"तुम्ही बघितला?" सुनिताने विचारलं.

टीचरने नाही म्हणून मान हलवली.

"मग कशावरनं बोलता? काल मेला बोललात, आज जिता बोलता. मी कालचं धरलं होतं, टीचर. बरं चाललं होतं माझं."

टीचरने माझ्याकडे पाहिलं. यातलं काही बोलीत नव्हतं, सांगायला माझी गरज नव्हती. मी तरीही मान खाली घातली.

तेवढ्यात बुधी बांगड्या घेऊन आली. तिने सुनिताच्या हाताला तेल चोळलं, मनगट धरलं आणि एकेक बांगडी दाबून चढवली. सुनिताने हात सोडवला नाही. पण चौथ्या की पाचव्या बांगडीला तिचा बांध फुटला, कालच्यासारखीच ती रडायला लागली. बुधीने तिचं तोंड पदराने पुसलं. प्रेमानेच पुसलं, उगाच तिला नाव का ठेवू? म्हणाली, "आता रडायचं नाय. जित्या मानसावर रडत नाय कोन."

सुनिता गप्प झाली. टीचर मात्र अंगणात उभी राहून रडतच होती, आणि तिला कुणी काही म्हणालं नाही.