डब्यातला आवाज

"टेन्शन काहून घेऊन राहिले काकाजी? मी आहो ना!"

असं म्हणताना तो छातीवरच्या खिशावर थाप मारायचा. तुम्हीही असे लोक पाहिले असतील. छातीवर हात ठेवून बोलतात आणि आपल्याला वाटतं, हात काळजावर आहे. याचा हात मोबाइलवर असायचा. सगळ्या मोहल्ल्याची घरं त्या मोबाइलमध्ये होती.

मी चौथी शिकलेला माणूस. हिंगण्याच्या कारखान्यात जन्मभर प्रेस मशीन चालवली, उजव्या हाताची दोन बोटं तिथंच देऊन आलो. लिहायची सवय नाही. पण माणूस निघून गेला की लोक त्याला साखर लावून सांगतात, ते मला जमत नाही. जसा होता तसा सांगतो.

तो आमच्या मागच्या गल्लीत राहायचा. कॅमेरे लावायचं काम करायचा. मोटरसायकलला आडवी शिडी बांधून यायचा आणि ती शिडी येता-जाता कोणाच्या तरी कोपराला लागायचीच. लोक शिव्या द्यायचे, हा तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत हसायचा. काम झालं तरी पोहे खाल्ल्याशिवाय कोणाच्या घरून हलायचा नाही. बायको त्याला सोडून गेली होती. मी तोंडावर म्हणायचो, "सगळ्यायच्या घरी कॅमेरा, तुह्या घरी काहून नाही गा?"

"माह्या घरी चोर आला काकाजी, तर तोच काही ठेवून जाईन."

पासवर्ड त्याचा एकच. गल्लीच्या तोंडाशी हनुमानाचं मंदिर, म्हणून पासवर्ड हनुमान आणि पुढं एक-दोन-तीन. सगळ्या घरांना तोच. म्हणायचा, "येगयेगळे ठेवले का लोकं भुलतात, अन् मंग मलेच फोन करतात." बाया गच्चीवरून ओरडून विचारायच्या, "भाऊ, काय होता गा तो पासवर्ड?" आणि हा रस्त्यावरून ओरडायचा, "हनुमान, एक-दोन-तीन!" भाजीवाल्यालासुद्धा पाठ झाला होता.

चहाच्या टपरीवर तो मोबाइल उघडून बसायचा. "पाहा, मास्तर शिकवता शिकवता झोपले." आम्ही सगळे माना घालून पाहायचो आणि हसायचो. त्या मास्तरची चौकात शिकवणी होती. एकदा मास्तर रिकाम्या वर्गात एकटेच बसून रडताना दिसले. आम्ही तेही पाहिलं. कोणीतरी म्हणालं, "आवाज वाढव ना बे." त्यानं मोबाइल उलटा ठेवला. "चला, चहा थंडा होऊन राहिला." एवढी लाज त्याला होती. आम्हाला तेवढीही नव्हती.

कारखान्यात त्याला मीच नेलं. मालकाला म्हटलं, माणूस बरा आहे. त्यानं गेटवर कॅमेरा लावला, आत बोट दाबून हजेरी लागते ती मशीन बसवली, गेट मोबाइलवरून उघडेल असं केलं. सगळ्या पोरांसमोर मला म्हणाला, "काकाजी, ही मशीन तुमच्या कामाची नाही. तुमची बोटं तर प्रेसनं खाल्ली." पोरं हसली. मीही हसलो. त्याच्या जिभेला हाड नव्हतं, माझ्याही नाही. म्हणून पटायचं.

मग माझ्या बायकोला लकवा मारला. उजवं अंग गेलं, बोलणं गेलं. तोंडात एकच शब्द उरला, "मुडद्या." पाणी पाहिजे, मुडद्या. कूस बदलायची आहे, मुडद्या. जन्मात तिनं मला शिवी दिली नव्हती, आता दिवसभर दुसरं काही नाही. डॉक्टर म्हणाले, असं होतं, एखादाच शब्द मागं राहतो. देवाला ठेवायला तोच सापडला.

मुलगा पुण्याला नोकरीत. तो म्हणाला, "बाबा, मला सारखं येणं जमणार नाही. कॅमेरा पाठवतो, लावून घ्या. आई दिसत राहील." गोल पांढरा डबा आला. यानं तो खाटेसमोरच्या भिंतीवर कॅलेंडरच्या वर ठोकला. डबा मान फिरवायचा आणि त्यातून बोलताही यायचं. पण त्यातून कोणीही बोलो, आवाज एकच यायचा, डालड्याच्या डब्यात तोंड घालून बोलल्यासारखा. "बाबा" ऐकू आलं की मुलगा. "काकू" ऐकू आलं की हा. ओळखायची तेवढीच सोय.

मुलगा बोलायचा ते असं. "बाबा, चादर बदलली नाही का?" "बाबा, औषधाला उशीर झाला." कारखान्यात सुपरवायझर बोलायचा तसा. आईशी काय बोलावं हे त्याला सुचायचं नाही.

हा मात्र दुपारी कुठल्या तरी शिडीवरून बोलायचा. "काकू, जेवली का वं? डोये काहून मिटले? टेन्शन नको घेऊ, मी आहो ना!" ती अर्ध्या तोंडानं हसायची आणि म्हणायची, "मुडद्या!" हाच शब्द मलाही मिळायचा, पण त्याच्या वाट्याला हसू घालून यायचा. मला राग यायचा. मी गू-मूत काढायचो आणि हसू तो घेऊन जायचा.

उन्हाळा चढला तशी ती बदलली. दुपारी तासभर मी किराण्याला, नाही तर औषधं आणायला रामदासपेठेत जायचो. परत आलो की ती घामानं भिजलेली असायची. कुलर तर चालू. तोंडात घातलेला घास बाहेर काढायची. डाव्या हातानं डबा दाखवायची, मग चादर दाखवायची. झाक म्हणत होती. मी डब्यावर टॉवेल टाकला. लगेच मुलाचा फोन. "बाबा, काही दिसत नाहीये. ते काढा." काढला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शेवटी मुलानं फोन करून यालाच पाठवलं.

हा आला. टॉवेल ओढून काढला, तिच्या उशाशी वाकला, खिशावर थाप मारली. "काय झालं वं काकू? टेन्शन काहून घेऊन राहिली? मी आहो ना!"

ती थुंकली. अर्ध्या तोंडात जेवढी ताकद उरली होती तेवढी लावून थुंकली. भाताची शितं त्याच्या खिशावर चिकटली. मुडद्या म्हणाली नाही. त्याला ती परत कधीच मुडद्या म्हणाली नाही.

"बाप्पा! काकूत ताकद आली," असं म्हणून तो हसला आणि त्याच टॉवेलनं शर्ट पुसला. पाया पडायला गेला तर तिनं चांगला पाय ओढून घेतला. दारात मला म्हणाला, "माह्यावर काहून चिडली असन काकाजी?"

"तुहं थोबाड पाहून."

तो हसला, पण नेहमीपेक्षा कमी.

नवतपात, मे सरतानाच्या त्या नऊ तापत्या दिवसांत, ती गेली.

तेरवी झाली. मुलगा जाताना म्हणाला, "आईचे शेवटचे दिवस त्या कॅमेऱ्याच्या कार्डात असतील. काढून ठेवा." म्हणून हा लॅपटॉप घेऊन आला. आम्ही दोघं तिच्या रिकाम्या खाटेवर बसलो. त्यानं कार्ड लावलं आणि ती दिसली. मी दिसलो. मी पिशवी उचलली, बाहेर गेलो, दार लागलं. मग चित्र हललं. म्हणजे डब्यानं मान फिरवली होती, तिच्याकडे.

डबा बोलू लागला. पोट्टे असावेत, टवाळ पोरं. हसणं एका घशाचं नव्हतं. "ए बुढ्ढी, आज बी ओला केला का पलंग?" तिनं डोळे मिटले तर म्हणाले, "डोये उघड, डोये उघड." ती घाबरून ओरडली, "मुडद्या! मुडद्या!" त्यांना त्याचीच मजा वाटली. "फिरसे बोल, फिरसे." किती तरी वेळ ते तिला तेच म्हणायला लावत होते. ती मला हाक मारत होती. माझ्यासाठी दुसरं नाव तिच्याकडे उरलं नव्हतं.

ते किती दिवस गुपचूप ऐकत बसले होते देव जाणे. याचं बोलणं त्यांना पाठ झालं होतं. पुढच्या दुपारी डबा म्हणाला, "जेवली का वं काकू? टेन्शन काहून घेऊन राहिली? मरून जा ना आता. मी आहो ना!" आणि हशा.

यानं लॅपटॉप बंद करायला हात घातला. मी त्याचं मनगट धरलं. माझ्या हाताला तीनच बोटं आहेत, पण ती प्रेस चालवलेली आहेत.

"बंद नको करू. पुरं आयक."

पुरं ऐकवलं. ती दुपार, तिच्या पुढची, तिच्याही पुढची. तो थुंकी खाऊन हसला होता, ती दुपारही आली.

"काकाजी, हा मी नाही."

"मले मालूम आहे."

"आईची शपथ, हा मी नाही."

"मले मालूम आहे ना गा. तिले नव्हतं मालूम."

लोक म्हणतात, एवढं बोलायला नको होतं. काहून नको? ती ते सगळं एकटी घेऊन गेली. थोडं त्यानंही उचलावं. मुलाला मात्र मी सांगितलं, कार्ड खराब झालं.

ते पोट्टे कोण, हे आजवर कळलं नाही. बोलीवरून इकडचेच वाटले. पोलिस ठाण्यात साहेब म्हणाले, "पासवर्ड रस्त्यावर ओरडून सांगत होते म्हणता, मग आम्ही कोणाकोणाला धरायचं?" भाजीवाल्यापासून सुरुवात करा म्हटलं, तर मला बाहेर बसवलं.

त्यानंतर तो घरोघरी फिरला. शिडी नाही, मोटरसायकल नाही, पायी. "पासवर्ड बदलवून घ्या. माही चुकी झाली." गच्चीवरून विचारणाऱ्या बायांनी दारं लावून घेतली. टपरीवर त्याच्या मोबाइलमध्ये माना घालणारे सगळे सांगू लागले की हा आमच्या घरात डोकावत होता. मास्तरनं कानाखाली मारली. यानं दुसरा गालही तिथंच ठेवला, हलला नाही. हिंगण्याला गेला तर मालकानं आत घेतलं नाही. गेटवरच्या कॅमेऱ्यातून, यानंच लावलेल्या, आवाज आला, "निघ."

मंदिरात बैठक बसली. मला विचारलं, "काकूले छळणारा हाच ना?" सगळे माझ्या 'हो'ची वाट पाहत होते. हो म्हटलं असतं तर त्याला तिथंच तुडवला असता. तो मारुतीच्या पायाशी उकिडवा बसला होता.

मी म्हटलं, "हा नाही. याले कुलूप लावता येत नाही अन् हा कुलपं विकत होता, एवढाच याचा गुन्हा. अन् तुम्ही किल्ली गच्चीवरून मागत होते."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी त्याला वाचवलं की मारलं, हे त्याला कळत नव्हतं.

गल्ली सोडून जाण्याआधी तो माझ्याकडे आला. शिडी आणली होती, डबा काढायला.

"राहू दे," मी म्हटलं.

"काकाजी, पासवर्ड तरी बदलवू द्या."

"काहीच बदलवू नको. ते परत येतीन. मले त्यायच्याशी बोलाचं आहे."

तो तिच्या फोटोसमोर उभा राहिला. सवयीनं हात खिशाकडे गेला, पण पोचला नाही, मधेच थांबला. मग तो हात तसाच खाली घेऊन गेला. कुही गावाकडे भावाची धानाची शेती आहे, तिकडं गेला म्हणतात. गल्लीत आता कोणाच्या कोपराला शिडी लागत नाही.

मी रोज दुपारी जेवण झालं की तिच्या खाटेवर बसतो, डब्यासमोर. कारखान्यात शिकलेल्या सगळ्या शिव्या घेऊन बसतो. पूर्ण पावसाळा बसलो. डबा गप्प. त्या कुत्र्यांना म्हाताऱ्यात मजा वाटत नसावी.

धान कापणीच्या दिवसांत एका दुपारी डब्याची मान हलली. माझ्यावर येऊन थांबली.

"जेवले का काकाजी?"

डालड्याच्या डब्यातला आवाज. मला एकही शिवी आठवली नाही.

"कोण आहे?"

मागून घरघर येत होती. मळणीची मशीन असेल, नाही तर डब्याचीच असेल.

"मी आहो ना."

तोच असेल. पासवर्ड त्याला पाठ आहे, आणि आणखी कोणाकोणाला पाठ आहे. हे शब्द त्याचेच आहेत, आणि आणखी कोणीकोणी ते बोलून गेलं आहे. मी चांगला, धडधाकट, दोन्ही अंगांनी शाबूत माणूस, कान लावून बसलो तरी मला सांगता येईना. ती तर इथंच पडून होती, याच जागी, हेच ऐकत.

मी उठलो आणि वायर ओढली.

त्या डब्याला एक निळा दिवा आहे. वायर ओढली तरी तो एकदम विझत नाही, क्षणभर राहतो. तो असेल, तर तेवढ्यात त्यानं माझं तोंड पाहिलं असेल.