सोंड्याच्या मानेतली बुरशी

आमची चेतना जाधव भांडुपची. कॉलेजात कंत्राटावर बॉटनी शिकवते आणि सुट्टी मिळाली की रीतसर परवानगी काढून मागच्या डोंगरातल्या जंगलात मेलेले किडे शोधत फिरते. "लोकांच्या पोरी मॉलमध्ये जातात गं!" तिची आई वैतागते. मी तेजल, केमिस्ट्रीवाली, तिची मैत्रीण. मीही चिडवायचे.

पण गेल्या वर्षी तिला एक सोंड्या किडा सापडला. पानाचा देठ घट्ट धरून मेलेला, आणि मानेतून पिवळी काडी फुटलेली. किड्याला जिवंतपणी आतून खाणारी बुरशी ती. चेतनाने बीजाणू मोजले, डीएनए तपासून घेतला, जगभरच्या नोंदी चाळल्या. कुठेच जुळेना. नवीन जात! आता नाव द्यायचं तर अस्सल नमुना मान्यताप्राप्त संग्रहालयात जमा करावा लागतो, आणि तिच्याकडे तो एकच होता. बॉटनीला वेगळं कपाट मागून ती थकली होती, म्हणून तिने तो चिठ्ठी लावून झुऑलॉजीच्या कपाटात ठेवला.

तेवढ्यात तपासणी समिती येणार म्हणून साफसफाई निघाली. झुऑलॉजीच्या राजेश सरांनी जन्मभर पेट्यांत किडे टाचलेत. बुरशी लागलेला किडा दिसला की फेकायचा आणि डांबराची गोळी टाकायची, हाताला सवयच. चिठ्ठी कोण वाचतो? गेली नवीन जात कचऱ्याच्या गाडीत!

"अगं, बुरशी लागली होती त्याला," सर म्हणाले. वर हसले. "दुसरा शोध ना, जंगल भरलंय." माझं डोकंच फिरलं. लाज म्हणून काही असते की नाही माणसाला? चेतना पुन्हा पुन्हा जंगलात जाऊन आली. तसा किडा मिळाला नाही.

प्राचार्यांनी तर कहरच केला. समिती आली त्या दिवशी चेतनाने काढलेला फोटो मोठा करून दाराशी लावला, वर 'आमच्या महाविद्यालयाचा शोध'. तिला बोलावून शेजारी उभं केलं आणि हळूच म्हणाले, "जपून बोला हं. कंत्राटाची फाइल माझ्याच टेबलावर आहे." मी बाजूलाच होते, मला सगळं ऐकू आलं. हात शिवशिवत होते नुसते.

समितीच्या बाई फोटोपाशी थांबल्या. "वा! काय नाव दिलंत हिला?"

चेतनाने आधी राजेश सरांकडे पाहिलं, मग प्राचार्यांकडे.

"नाव देता येत नाही, मॅडम. त्याला नमुना लागतो. तुम्ही येणार म्हणून लॅब साफ केली ना, तेव्हा तो या राजेश सरांनी फेकून दिला."