ओठांवरचं उत्तर
यंत्रमागाच्या तेलाचा वास आला की मला कॉलेजमधली ती परिषद आठवते. चादरीच्या मागांवर काम करणाऱ्यांना ऐकू कमी येतं, असा सरांचा शोधनिबंध होता. कारखान्यांत फिरून मुलाखती मी घेतल्या होत्या, पण निबंधावर माझं नाव नव्हतं. मी भीतभीत विचारलं, तेव्हा सर हसले होते, "अगं, तू नुसती फिरलीस की. फिरण्याला काय संशोधन म्हणतात?" परिषदेत पाहुण्या बाईंनी विचारलं, "एवढ्या खडखडाटात कामगारांशी बोललात कसे?" सर कारखान्यात कधी गेलेच नव्हते. ते माझ्याकडे वळले, "सांग गं, तू होतीस ना बरोबर." मी उभी राहिले. माग चालू असताना आमची माणसं आवाज न काढता नुसते ओठ हलवून बोलतात. आई मागावर असल्यामुळे मला ते लहानपणापासून येतं. मी सगळं उत्तर तसंच दिलं. "काय म्हणतेस? मोठ्यानं बोल," सर घाम पुसत म्हणाले. मी पुन्हा नुसते ओठ हलवले, "तुमी आला असता तर कळलं असतं की," आणि खाली बसले. सरांची अशी फजिती केल्याचं तुला वाईट वाटायला हवं, असं मैत्रीण म्हणते. मला अजून तरी वाटलेलं नाही.